एल-नेम दिलं तरी फरक पडेना: महाधमनीच्या रिंगांवरचं एक प्रकरण

नाशिकमधल्या एका फार्मसी महाविद्यालयाच्या औषधशास्त्र प्रयोगशाळेतलं हे प्रकरण. एम. फार्म.च्या विद्यार्थिनीचा विषय होता: द्राक्षाच्या बियांच्या अर्काने रक्तवाहिनी सैल पडते का, आणि पडत असेल तर पेशींतल्या कोणत्या संदेशमार्गाने. तीन आठवडे काम झालं, अकरा उंदीर लागले, आलेख सुबक आले. प्रबंधाच्या कच्च्या खर्ड्यात निष्कर्षही उतरला: अर्क महाधमनी सैल करतो, पण नायट्रिक ऑक्साइडच्या मार्गाने नाही, कारण एल-नेम, म्हणजे नायट्रिक ऑक्साइड बनणं थांबवणारं औषध, दिलं तरी परिणामात फरक पडत नाही. वाक्य वाचायला नेमकं वाटतं. ते साफ चुकलेलं होतं, आणि चूक दाखवणारा पुरावा पहिल्या दिवसापासून त्याच आलेखांवर पडून होता.

आधी माल. नाशिकमध्ये द्राक्षाच्या बिया मिळवणं ऐकायला वाटतं तितकं सोपं नाही. दिंडोरी, निफाड, पिंपळगाव या पट्ट्यातला बहुतेक माल थॉमसन सीडलेस आणि तिच्या भाईबंदांचा. खायच्या द्राक्षात बी सापडणं म्हणजे तक्रार. बी हवी तर वाइनच्या जातींकडे जावं लागतं. हंगामात वायनरीतून चोथा मिळतो, पण कोणता घ्यायचा हे कळायला हवं. रेड वाइन सालीबियांसकट आंबवतात, त्यामुळे तयार होणारं अल्कोहोल बियांतली पॉलिफेनॉल्स (टॅनिन वगैरे संयुगं) आधीच बरीचशी ओढून घेतं. व्हाइट वाइनचा रस आधी दाबून काढतात आणि मग आंबवतात. म्हणून शेनिन ब्लांकसारख्या पांढऱ्या जातीचा चोथा बियांसाठी सरस. इथे तोच घेतला होता. बिया चाळून तीन पाण्यांनी धुतल्या, ४० अंशांखाली वाळवल्या, दळल्या, हेक्झेनने तेल काढलं. १०० ग्रॅम पुडीला ७० टक्के इथेनॉल ५०० मिलि, दोन वेळा, २४-२४ तास अंधारात. मग ४० अंशांखाली रोटरी इव्हॅपोरेटरवर आटवून फ्रीझ-ड्राय.

धुण्याचा कंटाळा करू नये. चोथ्यात टार्टरेटच्या रूपात पोटॅशिअम भरपूर असतं, वर वायनरीत टाकलेलं मेटाबायसल्फाइट. पोटॅशिअम स्वतःच रक्तवाहिनीचा ताण बदलतं, आणि सल्फाइट फोलिन-चोकाल्टूच्या चाचणीत फिनॉल असल्याचं सोंग आणतं. विद्यार्थिनीने अर्कातलं पोटॅशिअम फ्लेम फोटोमीटरवर मोजून ठेवलं होतं. १०० मायक्रोग्रॅम प्रति मिलिच्या मात्रेला बाथमध्ये, म्हणजे रिंग टांगतात त्या द्रावाच्या भांड्यात, त्याची भर नगण्य होती. अर्काच्या बाजूने काम चोख होतं. घोळ सगळा बाथच्या बाजूचा.

मांडणी नेहमीची. विस्टार उंदीर, नर, संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची मंजुरी घेतलेले. छातीतली महाधमनी काढून थंड क्रेब्जमध्ये (रक्तातल्यासारखे क्षार असलेला द्राव), भोवतीची चरबी कापून, ३ मिमीच्या चार रिंगा. प्रत्येक रिंगमधून दोन स्टेनलेस स्टीलचे हुक: खालचा पक्का, वरचा दोऱ्याने ताण मोजणाऱ्या फोर्स ट्रान्सड्यूसरला. १० मिलिचे चार बाथ, ३७ अंश, बसता ताण २ ग्रॅम, ९० मिनिटं स्थिरावू द्यायचं आणि दर १५ मिनिटांनी द्राव बदलायचा. मग ६० मिलिमोलर पोटॅशिअम क्लोराइडने स्नायू जिवंत आहे का ते बघायचं, धुवायचं, १ मायक्रोमोलर फेनिलेफ्रिनने रिंग आवळायची, आणि आकुंचन सपाट झालं की १ नॅनोमोलरपासून १० मायक्रोमोलरपर्यंत चढत्या पायऱ्यांनी अ‍ॅसिटिलकोलिन.

या शेवटच्या पायरीवरच सगळं अडलेलं होतं. चांगल्या रिंगमध्ये अ‍ॅसिटिलकोलिनने फेनिलेफ्रिनचं आकुंचन ८० टक्के किंवा त्याहून जास्त उतरायला हवं. इथे बाथ १ आणि ३ मध्ये ते ३५ टक्क्यांच्या आसपास होतं. बाथ २ आणि ४ मध्ये १० टक्केसुद्धा नाही. वहीत शेजारी शेरा होता: ‘अ‍ॅसिटिलकोलिनला प्रतिसाद कमी, सोडिअम नायट्रोप्रुसाइडला पूर्ण, रिंग स्वीकारली.’ स्वीकारायचं कारण मानवी होतं. हंगाम संपत आला होता, उंदीर मोजके होते, आणि नायट्रोप्रुसाइडने रिंग सैल पडते म्हणजे ती चालते असं वाटणं साहजिक आहे. पण नायट्रोप्रुसाइड सांगतं ते साखळीच्या शेवटच्या टोकाबद्दल, अलीकडच्याबद्दल काही नाही.

साखळी नीट डोळ्यापुढे आणल्याशिवाय हे उलगडत नाही. अ‍ॅसिटिलकोलिन स्नायूला थेट सैल करत नाही. ते रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरावरच्या, म्हणजे एंडोथेलियमच्या पेशींवरच्या एम-३ रिसेप्टरला लागतं. तिथून जीक्यू प्रथिन, फॉस्फोलायपेज-सी, आयपी-३ असा निरोप जातो आणि त्या पेशीत कॅल्शिअम चढतं. कॅल्शिअम कॅल्मोड्युलिनला धरून ईनॉस हे एन्झाइम चालू करतं. ईनॉस एल-आर्जिनिनपासून नायट्रिक ऑक्साइड बनवतं. हा वायू शेजारच्या स्नायूपेशीत झिरपतो, ग्वानिलिल सायक्लेजला चिकटतो, सीजीएमपी वाढतं, प्रोटीन कायनेज-जी कामाला लागतं, स्नायूपेशीतलं कॅल्शिअम उतरतं, मायोसिनवरचा फॉस्फेट निघतो आणि ताण सुटतो. गंमत म्हणजे फेनिलेफ्रिनही जीक्यू आणि आयपी-३ च्याच वाटेने जातं, पण स्नायूपेशीत. तिथे चढलेल्या कॅल्शिअमने स्नायू आवळतो. निरोप तोच, फक्त घर बदललं की अर्थ उलटा.

नायट्रोप्रुसाइड या साखळीत मधूनच शिरतं. ते स्वतःच नायट्रिक ऑक्साइड देतं, म्हणजे एंडोथेलियम असो वा नसो, त्याला फरक पडत नाही. छातीत कळ आली की जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटची गोळी याच दारातून आत जाते. अस्तर खराब झालेल्या रुग्णालाही ती लागू पडते ती त्यामुळेच. तेव्हा त्या वहीतल्या शेऱ्याचा खरा अर्थ एवढाच निघतो: ग्वानिलिल सायक्लेजपासून पुढचं सगळं शाबूत आहे, तुटलंय ते त्याच्या अलीकडे. आणि एल-नेम मारतं ते ईनॉसवर. जिथे नायट्रिक ऑक्साइड बनतच नाही तिथे ते बनणं थांबवून काय दिसणार?

याची खूण आलेखावर आणखी एका जागी होती, आणि ती अ‍ॅसिटिलकोलिनच्या आकड्यापेक्षाही बोलकी. धड रिंगमध्ये एंडोथेलियम काही न देताही थोडं थोडं नायट्रिक ऑक्साइड सोडत असतं. १०० मायक्रोमोलर एल-नेम देऊन ३० मिनिटं ठेवलं की हा ब्रेक निघतो आणि तेवढ्याच फेनिलेफ्रिनने रिंग जास्त जोरात आवळते. इतकी, की तुलना सारखी व्हावी म्हणून एल-नेमच्या रिंगेत फेनिलेफ्रिनची मात्रा कमी करून घ्यावी लागते. इथल्या बाथ २ आणि ४ च्या आलेखांत एल-नेमच्या आधीचं आणि नंतरचं आकुंचन एकावर एक ठेवलं तर रेघ रेघेला लागत होती. एल-नेम त्या रिंगांना भेटलंच नव्हतं.

आता तुटलं नेमकं कुठे, हे एकेक कडी धरून बघायचं ठरलं. सगळ्यात स्वस्त संशयित आधी घेतला: अ‍ॅसिटिलकोलिनची बाटली. अ‍ॅसिटिलकोलिन क्लोराइड हवेतलं पाणी ओढतं. नाशिकच्या पावसाळ्यात झाकण दहा मिनिटं उघडं राहिलं तर पुडीचा लगदा होतो, आणि अल्कलीत ते फुटतं. त्यासाठी वेगळा उंदीर लागत नाही. कोपऱ्यावरच्या चिकनच्या दुकानातून ताजं आतडं आणून, बी. फार्म.च्या प्रात्यक्षिकात करतात तसाच मात्रा-प्रतिसादाचा आलेख काढला. त्याच स्टॉकने आतडं व्यवस्थित आकसलं, नेहमीच्याच मात्रांना. औषध निर्दोष.

दुसरी परीक्षा ए-२३१८७ या कॅल्शिअम आयनोफोरची. हे रिसेप्टरला वळसा घालून एंडोथेलियमच्या पेशीत थेट कॅल्शिअम शिरू देतं. अ‍ॅसिटिलकोलिनने रिंग सैल पडत नाही पण आयनोफोरने पडते, असं झालं तर दोष रिसेप्टरपाशी; दोन्हींनी पडत नाही तर एकतर ईनॉस गप्प आहे, किंवा ती पेशीच जागेवर नाही. १ मायक्रोमोलर दिलं. बाथ १ आणि ३ थोडे उतरले, २ आणि ४ जागचे हलले नाहीत. नायट्रिक ऑक्साइडला मारणारं सुपरऑक्साइड हटवायला सुपरऑक्साइड डिस्म्युटेज घातलं, त्यानेही २ आणि ४ सुधारले नाहीत. म्हणजे नायट्रिक ऑक्साइड बनून वाटेत मरतंय असंही नव्हतं.

उरली ती पेशी. आणि एव्हाना एक गोष्ट डोळ्यांत खुपायला हवी होती: वाईट निकाल उंदरामागे जात नव्हता, बाथच्या नंबरामागे जात होता. महाधमनीचा कोणता तुकडा कुठे लावला हे दर वेळी बदलत होतं, पण २ आणि ४ कायम नापास. जीवशास्त्र बाथचा नंबर ओळखत नाही.

हुक काढून दहापट भिंगाखाली ठेवले. ते प्रयोगशाळेतच केलेले, ०.३ मिमी तारेचे, पक्कडीने वाकवून कापलेले. १ आणि ३ च्या हुकांची टोकं कुणीतरी कधी घासलेली होती. २ आणि ४ च्या टोकांना कापल्याची धार तशीच, तिला बारीक कूस. भिंग नसलं तरी चालतं: हुकवरून कापसाचा सुटा तंतू ओढा, अडकला तर तो हुक रिंगमध्ये घालायचा नाही. एंडोथेलियम म्हणजे एका पेशीच्या जाडीचा थर. ती कूस रिंगमधून एकदा सरकवली की अस्तर खरवडून निघतं, आणि मग २ ग्रॅमचा ताण देताना हुक आतून घासत पुढे जातो तो उरलंसुरलं घेऊन जातो. स्नायूला काही होत नाही, म्हणून पोटॅशिअम क्लोराइडला रिंग झकास आवळते आणि सगळं ठीक असल्याचा भास टिकतो.

हे नवं दुखणं नाही. कित्येक वर्षं सशाच्या महाधमनीच्या पट्ट्या अ‍ॅसिटिलकोलिनने आवळतात असंच प्रयोगात दिसत होतं, आणि जिवंत प्राण्यात मात्र तेच औषध रक्तदाब उतरवतं. रॉबर्ट फर्शगॉट यांच्या प्रयोगशाळेत १९७८ मध्ये क्रम चुकून एक औषध न धुता दुसरं दिलं गेलं आणि महाधमनीचा तुकडा सैल पडला. तपासात निघालं की पट्टी कापताना आतली बाजू घासली जात होती. न घासलेली पट्टी सैल पडते, घासलेली नाही. अस्तर असलेली पट्टी नसलेलीला चिकटवली तर दुसरीही सैल पडते, म्हणजे अस्तरातून काहीतरी सुटतं. १९८० मध्ये हे प्रसिद्ध झालं. ते ‘काहीतरी’ नायट्रिक ऑक्साइड आहे हे ठरायला १९८७ उजाडलं, आणि १९९८ चं नोबेल फर्शगॉट, इग्नारो आणि मुराद या तिघांना मिळालं. आज हे पाठ्यपुस्तकात एका ओळीत असतं. ती ओळ पाठ असूनही हुकचं टोक घासायचं राहतं.

नजरेने खात्री हवी म्हणून दोन उरलेल्या रिंगा उभ्या चिरून सिल्व्हर नायट्रेटने रंगवल्या. इथे एक खाच आहे. क्रेब्जमध्ये क्लोराइड असतं. त्यावर सिल्व्हर नायट्रेट टाकलं की पांढरा गाळ बसतो आणि काही दिसत नाही. आधी ५ टक्के ग्लुकोजने धुवायचं, मग ०.२५ टक्के सिल्व्हर नायट्रेट मिनिटभर, पुन्हा ग्लुकोज, मग उजेडात. अस्तर असेल तिथे पेशींच्या कडांची तपकिरी जाळी उमटते, लांबट फरशा बसवल्यासारखी. बाथ ४ च्या रिंगेत फरशा फक्त कडेला होत्या; मधला पट्टा कोरा. बाथ १ च्या रिंगेत जाळी होती, पण ठिगळाठिगळाची. म्हणजे १ आणि ३ सुद्धा पूर्ण धड नव्हते. त्याचं कारण हुक नव्हे, सिरिंज. रक्त घालवण्यासाठी २० मिलिच्या सिरिंजने महाधमनीत जोराची पिचकारी मारली जायची, आणि शेवटी एकदा हवा. हवेचा एक बुडबुडा आतून गेला की अस्तर सुकतं. पुढे हे बदललं: प्राण्याला आधी रक्त गोठू न देणारं हेपारिन, मग बोथट कॅन्युलातून क्रेब्ज नुसतं ठिबकत जाऊ द्यायचं. चरबी कापताना चिमटा चरबीलाच धरायचा, भिंतीला कधी नाही.

इथवर प्रकरण सरळ आहे. पण एक प्रश्न उरतो, आणि तो जास्त अवघड: एंडोथेलियम नव्हतं, तर मग अर्काने त्या रिंगा सैल पडल्याच कशा? १०० मायक्रोग्रॅमला ६० टक्के उतार हा काही मोजण्यातला गोंधळ नव्हे. एम. फार्म.च्या खर्ड्यात याचं उत्तर ‘स्नायूवर थेट परिणाम’ असं लिहून टाकलं होतं. बरेच प्रबंध इथेच थांबतात.

उताराचा आकार बघितला तर शंका येते. नायट्रिक ऑक्साइडचा उतार मिनिटा-दोन मिनिटांत होऊन बसतो. हा उतार वीस मिनिटं सावकाश घसरतच राहायचा, सपाट कधी व्हायचा नाही. जणू औषध बाथमध्ये टाकल्यावर तयार होत होतं.

याच सुमाराला बाथच्या काचेवर पांढरी साय दिसायला लागली. आधी ती पाण्याच्या क्षारांची समजली गेली. बोअरच्या पाण्याची सवय असलेल्या माणसाला दुसरं काही सुचत नाही. पण क्रेब्ज डिस्टिल्ड पाण्यातलं होतं. एका लिटरला सोडिअम क्लोराइड ६.९ ग्रॅम, पोटॅशिअम क्लोराइड ०.३५, मॅग्नेशिअम सल्फेट सात पाण्याचं ०.२९, पोटॅशिअम डायहायड्रोजन फॉस्फेट ०.१६, सोडिअम बायकार्बोनेट २.१, ग्लुकोज २ ग्रॅम, आणि सर्वांत शेवटी, वायू सोडून झाल्यावर, दोन पाण्याचं कॅल्शिअम क्लोराइड ०.३७ ग्रॅम विरघळवून थेंबाथेंबाने. वजनं बरोबर होती, क्रम बरोबर होता. तरी साय येते याचा अर्थ द्राव अल्कलीकडे गेलाय आणि कॅल्शिअम फॉस्फेट-कार्बोनेटच्या रूपात खाली बसतंय.

वहीत ‘पीएच ७.४’ लिहिलेलं होतं. तो बीकरमध्ये, वायू न सोडता, हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडचे थेंब टाकून आणलेला ७.४. बायकार्बोनेटच्या द्रावाचा पीएच असा आणायचा नसतो. तो ९५ टक्के ऑक्सिजन आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइडच्या मिश्रणाने, म्हणजे कार्बोजेनने, आपोआप येतो, आणि ते मिश्रण चालू आहे तोवरच टिकतो. इलेक्ट्रोड चालत्या बाथमध्ये बुडवला. काटा ८.३ वर.

मार्गदर्शक मॅडमनी प्रयोगशाळेच्या मामांना विचारलं, “मामा, सिलिंडर कधी बदललात?”

“संक्रांतीच्या आधीच, मॅडम. कार्बोजेन यायला वेळ लागणार म्हणाले, म्हणून ऑक्सिजनचा जोडून ठेवला. बुडबुडे तर तसेच येतात की.”

बुडबुडे तसेच येतात हे खरंच. काळा सिलिंडर, पांढरा खांदा, पाटीवर स्वच्छ ‘ऑक्सिजन’. तीन आठवडे सगळे त्याच्या शेजारून जात होते. निव्वळ ऑक्सिजन द्रावातला कार्बन डायऑक्साइड हाकलून देतो, बायकार्बोनेट एकटं उरतं आणि पीएच चढत जातो. मध्ये कुणीतरी नाशिकच्या उंचीचा मुद्दा काढला होता. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे, हवेचा दाब कमी, त्यामुळे ५ टक्क्यांतला कार्बन डायऑक्साइडचा वाटाही कमी. हिशोब केला तर त्याने पीएचमध्ये पडणारा फरक ०.०३. त्याच्यावर खापर फोडण्यात अर्थ नाही. जानेवारीच्या थंडीचा मुद्दा मात्र खरा निघाला: थर्मोस्टॅटवर ३७ दिसत असताना सकाळी बाथच्या आत ३४.५ होते, कारण मधली रबरी नळी उघडी. नळीला फोमची गुंडाळी केली आणि तापमान आतलं मोजायचं ठरलं.

आता दोन दोष शेजारी ठेवले की कोडं सुटतं. बियांच्या अर्कातली पॉलिफेनॉल्स, विशेषतः गॅलेट गट असलेली, अल्कलीत आणि ऑक्सिजनच्या माऱ्यात आपोआप ऑक्सिडाइज होतात आणि त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड बनतं. पीएच जितका वर तितकं जलद. आणि हायड्रोजन पेरॉक्साइड फेनिलेफ्रिनने आवळलेली महाधमनी एंडोथेलियमशिवायही सैल करू शकतं. म्हणजे ज्या वस्तूला ‘अँटिऑक्सिडंट’ म्हणून बाथमध्ये टाकलं, तिने बाथमध्ये ऑक्सिडंट तयार केलं, आणि आलेखावर उतरला तो त्याचा परिणाम.

तपासायला रिंग लागत नाही. रिकाम्या बाथमध्ये क्रेब्ज, १०० मायक्रोग्रॅम अर्क, ३० मिनिटं निव्वळ ऑक्सिजन, आणि पेरॉक्साइडची पट्टी. पट्टीचा रंग ३ मिलिग्रॅम प्रति लिटरच्या खुणेपाशी आला, म्हणजे ९० मायक्रोमोलरच्या आसपास. साध्या पाण्यातल्या अर्कात पट्टी कोरी. पॉलिफेनॉल्स या पट्टीच्या रंगालाच परत फिरवतात, त्यामुळे आकडा खरा असलाच तर कमीच दाखवलेला. मग अस्तर मुद्दाम खरवडून काढलेल्या रिंगेत पेरॉक्साइड फोडणारं एन्झाइम कॅटालेज, बाथमध्ये १,००० युनिट प्रति मिलि, अर्काच्या दहा मिनिटं आधी. ६० टक्क्यांचा तो उतार जवळपास नाहीसा झाला. शेजारच्या रिंगेत उकळून मारलेलं कॅटालेज, तिथे उतार जसाच्या तसा. कॅटालेज प्रथिन असल्याने बाथला फेस येतो आणि ट्रान्सड्यूसरचा दोरा फेसात भिजून वाचन हलतं. बुडबुडे कमी करून, वायूची नळी तळाशी कोपऱ्यात नेऊन ते सांभाळावं लागलं.

नवीन फेरी कार्बोजेन आल्यावर. हुक नव्याने वाकवून, टोकं १२०० नंबरच्या पॉलिश पेपरवर ओल्याने घासून, तंतूची परीक्षा देऊन. बाथमध्ये पीएच ७.४२. अट आधीच लिहून ठेवली: अस्तर असलेली रिंग अ‍ॅसिटिलकोलिनने ८० टक्के उतरली नाही तर तिचं वाचन धरायचं नाही, आणि खरवडलेली रिंग १० टक्क्यांहून जास्त उतरली तर तीही बाद. पहिल्याच प्राण्यात चारही बाथ अटीत बसले.

आणि अर्काचं वागणं पालटलं. धड रिंगेत आता १० मायक्रोग्रॅमलाच उतार सुरू झाला, मिनिटभरात, आणि सपाट होऊन बसला. एल-नेमने तो पुसला गेला. या वेळी फेनिलेफ्रिनचं आकुंचन एल-नेमनंतर चढलं आणि मात्रा कमी करून ताण जुळवून घ्यावा लागला. ग्वानिलिल सायक्लेज अडवणारं ओडीक्यू दिलं तरीही उतार पुसला गेला. खरवडलेल्या रिंगेत १० मायक्रोग्रॅमला काहीच नाही. प्रोस्टासायक्लिन हा अस्तराचा दुसरा सैल करणारा निरोप; ते बनू न देणाऱ्या १० मायक्रोमोलर इंडोमेथॅसिनने फरक पडला नाही, म्हणजे त्याचा हात नाही. आणि या वेळी ‘फरक पडला नाही’ या शब्दांना वजन होतं, कारण तीच रिंग अ‍ॅसिटिलकोलिनला नीट उतरून आलेली होती.

पुढची कडीही धरता आली. द्राक्षाची पॉलिफेनॉल्स ईनॉसला कॅल्शिअमच्या वाटेपेक्षा पीआय-३ कायनेज आणि एकेटी या वाटेने जागवतात, एकेटी ईनॉसच्या सेरीन-११७७ वर फॉस्फेट बसवतं, असं इतर प्रयोगशाळांनी दाखवलेलं आहे. तेव्हा पीआय-३ कायनेज अडवणारं वर्टमॅनिन १०० नॅनोमोलर देऊन पाहिलं. अर्काचा उतार बराच घटला, अ‍ॅसिटिलकोलिनचा फारसा नाही. एकाच ईनॉसला दोन दारं, आणि अर्क दुसऱ्या दाराने येतो, याला हे जुळतं. वर्टमॅनिन द्रावात फार टिकत नाही. डीएमएसओ या द्रावकातला स्टॉक, बाथमध्ये डीएमएसओ ०.१ टक्क्याच्या आत, आणि तेवढाच डीएमएसओ शेजारच्या रिंगेत एकटा देऊन बघायचा, कारण तो जास्त झाला तर स्वतःच रिंग सैल करतो.

१०० मायक्रोग्रॅमला मात्र निकाल तितका स्वच्छ राहिला नाही. ७.४ पीएचलाही थोडं पेरॉक्साइड बनतंच, आणि टॅनिन म्हणजे शेवटी कातडं कमावायची वस्तू: तेवढ्या मात्रेनंतर धुऊनही फेनिलेफ्रिनचं आकुंचन पहिल्यासारखं परत येत नव्हतं. म्हणून ३० मायक्रोग्रॅमच्या वरची वाचनं प्रबंधातून काढली, आणि प्रत्येक रिंगेत शेवटी ‘धुऊन पुन्हा फेनिलेफ्रिन’ ही पायरी वाढवली. ९० टक्के परत आलं तरच आधीचं धरायचं. वायनरीवाल्यांना ‘बियांची गोळी रक्तदाबावर चालेल का’ यात रस होता. बाथमधल्या १० मायक्रोग्रॅमवरून त्यांना काही सांगता येत नाही. यातले मोठे रेणू आतड्यातून रक्तात फारच थोडे शिरतात.

जुन्या अकरा प्राण्यांची वाचनं फेकली नाहीत, वापरलीही नाहीत. ती परिशिष्टात गेली, बाथ नंबर, मोजलेला पीएच आणि सिलिंडर बदलल्याची तारीख यांसकट. नैतिकता समितीकडे आणखी सहा प्राण्यांची मागणी करणारा अर्ज गेला, त्यात कारणाच्या रकान्यात ‘हुकांची टोकं आणि चुकीचा वायू’ असंच लिहिलं. सिलिंडरच्या मानेला आता दोरीने एक पुठ्ठा बांधलेला आहे. नवा सिलिंडर लावला की बाथमधला पीएच अर्ध्या तासाने मोजून त्यावर लिहायचा, आणि खाली मामांची सही.